लँडस्केपमध्ये माणसं कशी बसवायची: मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ कॉपी करून शिकूया

झाडं जमतात, डोंगर जमतात, आभाळ तर मस्तच जमतं, आणि मग आपण त्यात एक माणूस टाकतो आणि सगळं चित्र बिघडतं. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं कितीतरी वर्षं असंच होत होतं. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत स्मरणचित्राला पाणवठा, आठवडी बाजार, बसस्टॉप असले विषय यायचे आणि मी माणसं आधीच पाठ करून ठेवलेली असायची, हंडा घेतलेली बाई, छत्रीवाले आजोबा, सायकलवाला मुलगा, ती कुठल्याही विषयात जशीच्या तशी ठेवून द्यायची. ती तशीच दिसायची, वरून चिकटवलेली. पुढे लँडस्केप शिकले तरी माणसांचं गाडं तिथेच अडलेलं होतं. फरक पडला तो एकच चित्र घेऊन ते दीड महिना सावकाश कॉपी केलं तेव्हा.

ते चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले याचं १८५७ सालचं तैलचित्र, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. फ्रेंच नाव ‘ले ग्लानोज’, मराठीत सरळ सांगायचं तर ‘सरवा वेचणाऱ्या’. कापणी झाल्यावर रानात ज्या ओंब्या पडून राहतात तो सरवा, आणि तो वेचायला गरीब घरातल्या बाया जायच्या, तिकडेही आणि आपल्याकडेही. आजीला फोनवर चित्र दाखवलं तर तिने कुठल्या देशातलं आहे वगैरे काही विचारलं नाही, बघितलं आणि म्हणाली, “सरवा वेचतायत गं.” तेव्हाच ठरवलं की हेच चित्र करायचं.

शिकायला हे चांगलं का, तर यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. पुढे तीन बाया मोठ्या, दोघी पूर्ण वाकलेल्या आणि उजवीकडची अर्धवट उठलेली. आणि पार मागे, क्षितिजाजवळ, गंज्या, भरलेली गाडी, पेंढ्या उचलणारी बारीक बारीक माणसं आणि उजव्या बाजूला घोड्यावर बसलेला मुकादम. म्हणजे जवळचा माणूस आणि लांबचा माणूस एकाच चित्रात शिकून होतो. शिवाय चेहरे जवळजवळ नाहीतच, सावलीत गेलेत, त्यामुळे नाकडोळ्यांत अडकायला वाव नाही. नवीन माणसाला हे फार बरं पडतं.

कॉपी करणं म्हणजे चोरी असं वाटत असेल तर आधी तो विचार काढून टाका. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेही १८५७ मध्येच, आणि तिथे पहिली कित्येक वर्षं प्लास्टरच्या पुतळ्यांवरून ड्रॉइंग करणं हाच शिक्षणाचा पाया होता. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आजही परवानगी काढून चित्रांसमोर इझल लावून कॉपी करता येते, फक्त मूळ मापाची कॉपी करू देत नाहीत. मिले १८७५ मध्ये गेला, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही. तरी आपल्या कॉपीच्या मागे ‘मिलेच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख टाकायची, ही सवय पहिल्यापासून असू द्या.

आता कामाला लागू.

सामान

मी ऍक्रिलिक धरून सांगतेय कारण घरात वास नाही, लवकर वाळतं आणि चुकलं तर वरून परत रंगवता येतं. ऑइलवाल्यांनी तेच टप्पे ऑइलमध्ये करा, उलट कडा मऊ करायला ऑइल सोपं जातं. पोस्टर कलरनेही जमेल पण वाळलेला थर पाण्याने परत सुटतो, तेवढं सांभाळा.

कॅनव्हास बोर्ड १२ बाय १६ इंचाचा घ्या. मूळ चित्र ८३.५ बाय ११० सेंटीमीटर आहे, त्याचं प्रमाण १२ बाय १६ ला जवळजवळ तंतोतंत बसतं, कापाकापी करावी लागत नाही. रंग सहाच: टायटेनियम व्हाइट, यलो ओकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक लाल, क्रिमसन असेल तर क्रिमसन. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो गडद रंग येतो तो या चित्राला पुरतो आणि मातीशी जुळतो, ट्यूबमधला काळा चित्रात भोकासारखा दिसतो. ब्रश चार: एक इंची फ्लॅट, ८ नंबरचा फ्लॅट, ४ नंबरचा राउंड आणि एक बारीक १ नंबरचा. तो बारीक ब्रश आत्ताच ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, तो शेवटी लागणार आहे आणि तोही लांबच्या माणसांपुरता. पाण्याचा छोटा स्प्रेसुद्धा हवा, एप्रिल-मे मध्ये पॅलेटवरचा रंग बघता बघता वाळतो.

चित्र कुठून घ्यायचं, तर विकिमीडिया कॉमन्सवर मोठी फाइल मिळते. वेगवेगळ्या फाइलींमध्ये रंग वेगळे दिसतील, एकीत पिवळं जास्त, दुसरीत राखाडी. एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. ती ८ बाय ६ इंचात प्रिंट करा, एक रंगीत आणि एक ब्लॅक अँड व्हाइट. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट चुकवू नका, खरं शिक्षण त्या प्रिंटमधून होणार आहे.

पहिला दिवस: ब्रशला हात लावायचा नाही

प्रिंट भिंतीला लावा, पाच-सहा फूट लांब बसा आणि डोळे बारीक करून बघा. बारीकसारीक सगळं विरघळतं आणि तीन पट्टे उरतात: वर उजळ आभाळ आणि त्याला लागून जवळजवळ तितकाच उजळ लांबचा भाग, मधे शेत, आणि शेतावर तीन बायांचे गडद आकार. हे तीन टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, पेन्सिलने काडेपेटीएवढ्या चौकटीत काढा. एक नाही, पाच वेळा काढा. मिलेने याच विषयाचं एक एचिंगही, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, या चित्राच्या आधी केलेलं आहे, ते शोधून बघा, रंग नसल्यामुळे टोनचा हिशोब त्यात स्वच्छ कळतो.

आता पट्टी घ्या आणि क्षितिजावर ठेवा. या एका गोष्टीसाठी मी हा सगळा लेख लिहिला असता, म्हणून इथे थांबून थोडं सविस्तर सांगते.

तुम्ही कधी समुद्रावर सपाट वाळूत उभं राहून लांबपर्यंत पसरलेली माणसं बघितलीत का, गणपतीपुळ्याला म्हणा, जुहूला म्हणा. पुढच्या वेळी मुद्दाम बघा. तुमच्याएवढ्या उंचीची जेवढी माणसं उभी आहेत, जवळची असोत नाहीतर पार लांबची, सगळ्यांची डोकी समुद्राच्या रेषेवरच येतात. पाय मात्र वेगवेगळ्या ठिकाणी असतात, जवळच्याचे खाली, लांबच्याचे रेषेच्या अगदी जवळ. लहान मुलांची डोकी रेषेच्या खाली राहतात. म्हणजे माणूस लांब गेला की तो ‘वर’ जात नाही, त्याचे पाय वर सरकतात आणि डोकं तिथेच राहतं. तुम्ही खाली बसलात तर रेषा सगळ्यांच्या कमरेच्या आसपास जाईल, पण सगळ्यांच्या तिथूनच जाईल. गच्चीवर चढलात तर सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल. मी परीक्षेत जी माणसं चिकटवायचे ती चिकटवलेली का दिसायची हे मला हे समजल्यावर कळलं, एकाच्या गुडघ्यावरून क्षितिज जात होतं आणि त्याच्या शेजारच्याच्या टोपीवरून.

मिलेच्या चित्रात क्षितिज बरंच वर आहे आणि बाया वाकलेल्या असल्यामुळे त्या जवळजवळ पूर्ण त्याच्या खाली, मातीत राहतात. आभाळ त्यांच्या वाट्याला येतच नाही. मनातल्या मनात तिघींना सरळ उभं करून बघा, डोकी लगेच आभाळात जातील. म्हणजे कष्टाचं ओझं त्याने चेहऱ्यावर न दाखवता रेषेने दाखवलंय. १८५७ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, हे चित्र लागलं तेव्हा बऱ्याच जणांना ते आवडलं नव्हतं. एवढ्या गरीब बाया एवढ्या मोठ्या आणि भारदस्त काढल्या हेच खुपलं होतं. तो भारदस्तपणा कुठून येतो ते कॉपी करताना हाताला कळतं.

बोर्डाला मातीचा हात

पांढऱ्या बोर्डावर सुरू करू नका. ओकर आणि थोडं बर्न्ट सिएना, भरपूर पाणी, एक इंची ब्रशने सगळीकडे फिरवून कपड्याने पुसून घ्या. चहाच्या डागासारखा हलका रंग आला पाहिजे. पुढे जिथे जिथे ब्रश सुटेल तिथून पांढरं न डोकावता हाच उबदार रंग डोकावेल आणि चित्र एकत्र बांधलेलं राहील.

ड्रॉइंग

प्रिंटवर एक इंचाचे चौकोन आखा, बोर्डवर दोन इंचाचे, दोन्हीकडे आडवे ८ आणि उभे ६, एकूण ४८ होतात. ग्रिड वापरणं म्हणजे फसवणूक असं म्हणणारे खूप भेटतील. मला ते पटत नाही. आपल्याला इथे माणूस जमिनीत कसा बसतो ते शिकायचंय, त्यात नजरेने माप घेण्याची परीक्षा मिसळली की दोन्ही अर्धवट राहतं.

पण ग्रिड असलं तरी बाई काढू नका. म्हणजे ‘हे डोकं, हा हात’ असं करत जाऊ नका. आधी क्षितिजाची रेषा. मग तिघींचा मिळून बाहेरचा आकार, सरळ सरळ तुकड्यांच्या रेषांनी, जणू तिघींवर एक मोठी चादर टाकलीय. मग त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा बघा, खाली गेलेला हात आणि पाय यांच्या मधे अडकलेला जमिनीचा तुकडा, पोट आणि मांडी यांच्या मधली फट. हे रिकामे आकार बरोबर आले की वाकलेली बाई आपोआप बरोबर येते. वाकलेलं शरीर आपल्या डोक्यातल्या शरीरासारखं नसतं, पाठ लांब वाटते, मान दिसतच नाही, आणि आपला मेंदू ते सारखं ‘दुरुस्त’ करायला बघतो. त्याचं ऐकू नका.

पाठीची कमान सगळ्यात जास्त वेळ देऊन काढा. डावीकडच्या बाईचा एक हात पाठीवर ठेवलेला आहे, वाकून वाकून कंबर भरून आल्यावर बायका ठेवतात तसा. तो एक हात चुकला तर ती बाई नुसती वाकलेली राहते, दमलेली वाटत नाही. मी तो चार वेळा पुसला.

रंग: मागून पुढे

आधी आभाळ, मग लांबचा पट्टा, मग शेत, आणि मगच बाया. शेत करताना एक मोठा ढीग कालवून ठेवा: ओकर, पांढरा, थोडा अंबर, अगदी चिमूटभर अल्ट्रामरीन. हा ढीग संपू द्यायचा नाही, स्प्रे मारत ओला ठेवा, रात्री हवाबंद डब्यात ठेवा. कारण इथून पुढे बायांच्या कपड्यांचा प्रत्येक रंग करताना त्यात या ढिगातला थोडा रंग पडलाच पाहिजे. निळ्या टोपीत पडला पाहिजे, लाल टोपीत पडला पाहिजे, सावलीतल्या चेहऱ्यातही पडला पाहिजे.

ट्यूबमधला निळा काढून डावीकडच्या बाईच्या डोक्यावर ठेवून बघा एकदा, मुद्दाम. तो निळा ओरडतो आणि बाई शेतातून उठून आपल्या अंगावर येते. आता त्याच निळ्यात मातीचा ढीग आणि थोडं अंबर घाला, परत ठेवा. बाई शेतात जाऊन उभी राहते. दिवसभर रानात असलेल्या माणसाच्या कपड्यावर धूळ बसते, जमिनीवरून उजेड परत उडून त्याच्यावर पडतो, म्हणून त्याचा रंग रानाचाच होऊन जातो. हे एकदा हाताने केलं की परत विसरत नाही. मधल्या बाईची लाल टोपी चित्रात केवढी लाल वाटते, आणि आपण कालवायला घेतला की कळतं तो किती मळकट लाल आहे, आजूबाजूला सगळं ओकर असल्यामुळे तो पेटल्यासारखा दिसतो.

ऍक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं हे लक्षात ठेवून एक पट्टी उजळ कालवा, आणि शंका आली की बोर्डाच्या कडेला ठिपका देऊन वाळू द्या.

बाया करताना आधी सावलीचा एकच सपाट गडद आकार भरून टाका, तिघींचा. मग उजेडाचे तुकडे. मावळतीचा तिरपा उजेड आहे, तो मानेवर, खांद्यांवर, पाठीवर आणि हातांवर पडलाय. कुठल्या बाजूने येतोय ते मी सांगत नाही, जमिनीवरच्या सावल्या बघून तुम्हीच ठरवा, ते शोधण्यात मजा आहे. उजेडाला दोनच टोन, सावलीला दोनच टोन. पाचवा टोन लागलाच तर परत डोळे बारीक करून बघा, बहुतेक वेळा लागत नाही. कपड्याच्या चुण्या मोजू नका. मिलेनेही त्या थोड्याच ठेवल्यात आणि ज्या ठेवल्यात त्या शरीर कुठे वळलंय ते सांगणाऱ्या आहेत. ऍप्रन ओच्यासारखा खोचलाय, त्यात वेचलेल्या ओंब्या आहेत, त्या ओझ्याने कापड खाली ओढलं गेलंय तेवढं दाखवा.

पाय

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, म्हणून वेगळं लिहितेय. आपण आकृती रंगवतो, बुटापर्यंत स्वच्छ कड काढतो, आणि माणूस हवेत तरंगतो. मिलेच्या बायांचे पाय बघा, ते जमिनीत रुतलेत. ते जमवायला तीन गोष्टी करा. पाऊल जिथे टेकतं तिथे सावलीची एक बारीक, चित्रातली सगळ्यात गडद रेघ, फक्त टेकतं तिथेच, पूर्ण पावलाभोवती नाही. मग तिथून पुढे पडलेली सावली, ती लांब जाईल तशी फिकी आणि मऊ. आणि मग शेताच्या रंगाने, बोथट ब्रशने, दोन-चार धसकटं पायांच्या आणि घागऱ्याच्या काठावरून वर येतील अशी. म्हणजे जमीन बाईच्या मागेही आहे आणि पुढेही आहे. कडेचं म्हणाल तर सगळीकडे एकसारखी धारदार नको. उजेडातली पाठ आणि खांदा धारदार, आणि सावलीतला घागऱ्याचा खालचा भाग ओल्या ब्रशने शेतात विरघळवून टाका. शोधावी लागेल अशी कड असली की माणूस त्या जागेचा होतो.

लांबची माणसं

आता ड्रॉवरमधला बारीक ब्रश काढा. आणि तरी लगेच सुरू करू नका, आधी वहीत सराव करा: एक ठिपका डोकं, एक छोटा फटकारा धड, दोन रेघा किंवा एक त्रिकोण खालचा भाग. डोकं आपण नेहमी मोठं करतो, मोठ्या डोक्याने लांबचा माणूस लगेच लहान मुलगा होतो. ठिपका वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. नाक, डोळे, बोटं काही नाही. वाकलाय की उभा आहे की काही उचलतोय, एवढं कळलं की झालं.

रंगाचं असं की लांब सगळं उजळ, सोनेरी धुळीत मिसळलेलं आहे. तिथली सावली पुढच्या सावलीसारखी गडद असणारच नाही. मी पहिल्या वेळी पुढच्या बायांसाठी कालवलेला गडद रंग उरला म्हणून त्यानेच मागची माणसं केली, वाया जाऊ नये म्हणून, आणि ती शेतावर बसलेल्या मुंग्यांसारखी दिसायला लागली. लांबच्या पट्ट्याचाच रंग घ्या, त्यात थोडंसं निळं-तपकिरी, आणि तेवढ्याने माणूस करा. गंजी, गाडी, माणसं सगळी एकाच कुटुंबातल्या रंगाची. जास्त गडद झालं तर वरून ओकर-पांढऱ्याचा अगदी पातळ हात फिरवा, धूळ बसते.

मुकादम विसरू नका, पण त्याला उठावही देऊ नका. तो तिथे बारीक, पुसट आहे आणि तरी सगळ्यांवर नजर ठेवून आहे. भरलेल्या गंज्या त्याच्या बाजूला आणि रिकामं रान या तिघींच्या बाजूला. लांबचा माणूस किती पुसट ठेवायचा हे गोष्ट काय सांगायची त्यावरही ठरतं, हे मला मुकादम करताना कळलं.

तपासणी

बोर्डाचा फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि मूळच्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटशेजारी ठेवा. टोन चुकलेला लगेच दिसतो. मग आरशात बघा, ड्रॉइंगमधला झोल आरशात लपत नाही. मग एक दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या नजरेत जे खटकेल तेवढंच दुरुस्त करा.

कॉपी झाल्यावर

इथे थांबलात तर निम्मंच शिकलात. आठवड्याने प्रिंट लपवा आणि वहीत तीच रचना आठवणीने काढा, रेषा कुठे, पाठी कुठे, मधल्या फटी कशा. जे आठवत नाही ते तुम्ही फक्त उतरवलं होतं, बघितलं नव्हतं. तेवढंच परत जाऊन बघा.

मग आपली माणसं. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना मिलेच्या वीसेक चित्रांच्या कॉप्या केल्या, आणि त्याच्याजवळ रंगीत चित्रं नव्हती, काळ्यापांढऱ्या छापील प्रती होत्या. रंग त्याने स्वतःचे घातले. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात त्याने याची तुलना वादकाशी केली आहे, की संगीतरचना बेथोवनची असली तरी वाजवणारा त्यात आपलं काही घालतोच. तुम्ही पण तुमच्या त्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवरून एक छोटी कॉपी करा, पण रंग तुमच्या ओळखीच्या रानाचे घ्या. मी कोकणातल्या भातलावणीचे घेतले. खाली ओकरच्या जागी पाणी आणि हिरवं, आभाळ जड राखाडी, टोप्यांच्या जागी इरली, आणि पाठी त्याच, कारण लावणी करतानाही बायका तशाच वाकतात. मातीच्या ढिगाच्या जागी चिखलाचा ढीग कालवला, बाकी सगळं तेच. पाण्यात पाय असल्यामुळे टेकण्याची सावली जाते आणि तिथे प्रतिबिंब येतं, ते मला मिले शिकवू शकत नव्हता, त्यासाठी बांधावर जाऊन बसावं लागलं.

बसाच एकदा. लहान वही, एक पेन, एसटी स्टँड नाहीतर आठवडी बाजार. एका माणसाला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ नाही. आणि पान उघडलं की माणूस काढायच्या आधी क्षितिजाची रेषा मारा.